करंजमाळची चांदमारी

ब्राह्मण आळी, भिवंडी
१२ फेब्रुवारी २००७

ती. श्रीनाथमामा,

नमस्कार. परवा फोनवर मी "लष्कर" म्हणाले आणि तुम्ही "लसूण इथे पुण्यातच स्वस्त आहे" म्हणालात, तेव्हाच ठरवलं की हे काम पत्रानेच करायचं.

मी एका समितीची सेक्रेटरी झाले आहे. हसू नका. शाळेत भूगोल शिकवून शिकवून मला वाटायला लागलं होतं की डोंगर फक्त नकाशातच असतात. वज्रेश्वरीच्या बसने गेलं की अकलोलीची गरम पाण्याची कुंडं लागतात, आणि तिथून आत करंजपाडा. त्याच्या मागचा डोंगर म्हणजे करंजमाळ. पाड्याची गुरं-शेळ्या पिढ्यान् पिढ्या त्याच डोंगरावर चरत आल्या. चार वर्षांपूर्वी तिथे पाटी लागली: "लष्करी हद्द. आत येणाऱ्यास गोळी घालण्यात येईल." वर हिरव्या कपड्यांतले पहारेकरी. दुपारी धडाधड आवाज होतात, घरांच्या भिंतींना तडे जातात. म्हातारी माणसं सांगतात की त्यांच्या तरुणपणी तिथे लष्कराची चांदमारी होती, म्हणजे नेमबाजीचा सराव. मधे बंद पडली होती, ती पुन्हा सुरू झाली.

गेल्या शिमग्याच्या सुमारास दामू नावाचा एक शेळ्या राखणारा उताराला होता. धमाका झाला आणि उडून आलेल्या दगडाने त्याचा गुडघा चेचला. हिरव्या कपड्यांतल्या माणसांनीच उचलून खाली आणलं. पाय कापावा लागला. हद्दीत शिरला म्हणून त्यालाच अटक होईल, असं सगळ्यांनी घाबरवलं, त्यामुळे दवाखान्यात "झाडावरून पडला" असं लिहून घेतलं. नुकसानभरपाईचा प्रश्नच मिटला. बायको पार्वती दुसऱ्यांच्या शेतावर राबते.

आमचे अध्यक्ष भाऊ तरे. इथले मोठे जमीनदार, गोदामवाले, पण माणूस मोठ्या मनाचा. दामूचा दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी केला. खरं तर लष्कराचा फटका त्यांनाही बसला आहे, डोंगरापलीकडची त्यांची दगडाची खदान या सरावामुळे बंद पडली. तरी स्वतःचं काही न बोलता पाड्यासाठी उभे राहिले. जीप त्यांची, हॉल त्यांचा.

आता माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आहे. मी लष्कराला अर्ज करणार आहे. तुमचा जन्म लष्कराच्या हिशेब कचेरीत गेला. सोबत मसुदा पाठवते आहे, जरा बघता का? मामींना नमस्कार.

तुमची,
माधवी

विश्रांतवाडी, पुणे
२१ फेब्रुवारी २००७

चि. माधवी,

आशीर्वाद. लसणाचा विषय त्या वेळी तुझ्या मामीने शेजारी उभं राहून काढला होता. माझ्या कानांचा त्यात दोष नाही.

तुझा बेत मला पसंत नाही. लष्कर डोंगरावर काय करतं हे भूगोलाच्या बाईंना कळलं, तर मग शत्रूला कळायला किती वेळ लागेल? मी बंदुकीला कधी हात लावला नाही, पण बंदुकीच्या तेलाची बिलं आयुष्यभर तपासली आहेत. त्या खात्याचं मीठ खाल्लं आहे. आणि तुला सांगतो, ते उत्तर देणार नाहीत. कायद्यात देशाच्या सुरक्षेचं कलम आहे. त्या कलमाआड अख्खी पलटण लपू शकते, तुझा डोंगर तर केवढासा.

तरीही मसुदा वाचला, कारण वाचल्याशिवाय राहवेना. काय हे लिहिलं आहेस! प्रश्न चौथा: "गरीब जनतेवर तोफा डागताना आपल्याला लाज कशी वाटत नाही?" याला माहिती म्हणत नाहीत. लाजेची नोंद कुठल्याच कार्यालयात ठेवत नाहीत. "का" असं कधी विचारू नये. "काय, केव्हा, कुणाच्या हुकमाने" एवढंच विचारावं आणि हुकमाची प्रत मागावी. जमीन किती, कधी घेतली, सराव कुठल्या तारखांना झाला, पाटी कुणी लावली. बस. विशेषणं सगळी काढून टाक, त्यांना सरकारी उत्तर नसतं.

मसुदा नव्याने लिहून सोबत जोडला आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लाव आणि पोचपावती जपून ठेव. माझं नाव कुठेही येता कामा नये. माझी पेन्शन तुझ्या समितीतून येत नाही.

श्रीनाथमामा

भिवंडी
९ एप्रिल २००७

ती. मामा,

अर्ज गेला. तुमचा मसुदा समितीत वाचला तेव्हा सगळे हिरमुसले. "ह्यात आग न्हाय," असं भाऊ म्हणाले. पण मग हसून पाठीवर थाप मारल्यासारखं बोलले, "करा, मॅडम, करा. मिलट्री काय उत्तर द्यायची न्हाय. दहा वर्सं लढायची तयारी ठेवा. मी हाय."

असा माणूस पाहिजे, मामा. तुमच्यासारखं "नको" म्हणून मग मसुदा पाठवणारा नव्हे!

गेल्या रविवारी धामणकर नाक्यावर निदर्शनं केली. लूमवाल्यांकडून पुठ्ठ्याचे मोठे रोल आणून त्यांची तोफ बनवली होती आणि ती जाळायची होती. पण ट्रॅफिक इतका तुंबला की एक रिक्षावाला खाली उतरून म्हणाला, "मॅडम, तोप जरा साइड में लो ना, सवारी उतारनी है." तोफ साइडला घेता घेता तिचे दोन तुकडे झाले. भाऊंनी मात्र भाषण जोरदार केलं. लष्कराने भूमिपुत्रांच्या छातीवर सुरुंग लावले, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दामूला खुर्चीवर पुढेच बसवलं होतं. तो भाऊंकडे असा बघत होता की देवाकडेही कुणी बघत नसेल.

मुंबईहून ऋतिका नावाची एक मुलगी आली आहे. ती लष्करीकरणावर माहितीपट करते आहे. तिला घेऊन मी पाटीपर्यंत गेले. वरून एक जवान उतरला. अंगात हिरवा ठिपक्यांचा शर्ट, पायात स्लिपर. तोंडातला गुटखा थुंकून म्हणाला, "आगे फायरिंग चालू है. मरना है क्या?"

ऋतिकाने कॅमेरा रोखून विचारलं, "आप कौन सी पलटन से हैं?"

त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "बड़ी वाली."

इतका उद्धटपणा! आमच्या करातून यांचा पगार जातो. उत्तराची वाट बघते आहे.

माधवी

पुणे
१७ एप्रिल २००७

चि. माधवी,

पत्र वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. ड्युटीवरचा जवान गुटखा खात नाही. स्लिपर तर घालतच नाही. पलटण विचारली तर नाव छाती काढून सांगतो, नाहीतर ओठ शिवून उभा राहतो. "बड़ी वाली" असं उत्तर मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही.

खूप विचार केला. याचा एकच अर्थ निघतो. ही कुठलीतरी अतिगुप्त तुकडी आहे. वेषांतर केलेली. स्लिपर, गुटखा, सगळं मुद्दाम. कामगिरी फारच नाजूक असल्याशिवाय लष्कर इतक्या गबाळ्या वेषात माणसं ठेवणार नाही.

माधवी, मी वडीलकीच्या नात्याने सांगतो, यातून अंग काढून घे. पुठ्ठ्याच्या तोफेपर्यंत ठीक होतं. माझा मसुदा जाळून टाक. फार चांगला झाला होता, तरी जाळ.

श्रीनाथमामा

भिवंडी
२३ जून २००७

ती. मामा,

उत्तर आलं! आणि ते वाचून मी इतकी संतापले आहे की नववीच्या वर्गाला उगीचच जास्तीचा गृहपाठ दिला.

इंग्रजीतलं पत्र आहे, प्रत जोडते. थोडक्यात असं. करंजमाळची जमीन लष्कराने १९६३ साली सरावासाठी घेतली. १९७४ साली सराव बंद झाला. त्यानंतर तिथे एकही तुकडी नाही, एकही गोळी झाडलेली नाही. पाटी या कार्यालयाने लावलेली नाही. जमिनीची मूळ फाइल शोधण्यात येत आहे. उत्तराने समाधान न झाल्यास अपील करावं.

म्हणजे दामूचा पाय हवेने तुटला! घरांना तडे वाऱ्याने गेले! इतकं धडधडीत खोटं, आणि तेही सही-शिक्क्यानिशी.

समितीत वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं भाऊ खचतील. उलट ते खूश झाले. म्हणाले, "बगा, खोटं बोलतात. मी सांगलं व्हतं ना? आता अपील करा, मंग त्याच्या वरचं अपील करा. सोडायचं न्हाय." पार्वतीही आली होती, कोपऱ्यात उभी. तिने मला हळूच विचारलं, "मॅडम, त्ये न्हाय बोलतात, तर मंग हाय कोन?" मी तिला समजावलं की सरकार असंच बोलतं.

अपील मीच लिहिलं. विशेषणांसकट. तुम्हाला दाखवलं नाही.

माधवी

पुणे
१ जुलै २००७

चि. माधवी,

उत्तराची प्रत भिंग लावून तीन वेळा वाचली.

मी माझं आधीचं मत मागे घेतो. ती तुकडी गुप्त नाही. कारण गुप्त असती तर त्यांनी "माहिती देता येत नाही" असं लिहिलं असतं. तेवढ्यासाठीच तर कलम आहे. अगं, ज्याच्या हातात "सांगणार नाही" म्हणायचा हक्क आहे, तो खोटं कशाला बोलेल? सरकारी माणूस फुकट खोटं बोलत नाही, त्यालाही श्रम पडतात. "तुकडी नाही, गोळी नाही, पाटी आमची नाही." हे तीन "नाही" लिहिणाऱ्याने फाइल बघूनच लिहिले आहेत. मी अशा माणसांच्या शेजारी जन्म काढला आहे.

मग त्या बाईचा प्रश्न उरतो. आहे कोण? तुझ्या सगळ्या पत्रांत मला तोच एक प्रश्न नीट विचारलेला दिसला.

धमाका कशासाठी करतात, याचा शांतपणे विचार कर. डोंगराच्या पलीकडच्या बाजूने कधी गेली आहेस का?

श्रीनाथमामा

भिवंडी
७ ऑक्टोबर २००७

ती. मामा,

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण मी तुमच्यावर रागावले होते. तुम्हाला काय म्हणायचं आहे ते कळलं होतं आणि तेच नको होतं. तुम्ही खात्याचे, म्हणून खात्याची बाजू घेता, अशी मी स्वतःची समजूत घातली. भाऊंच्या वाढदिवसाला हार घेऊनही गेले.

मधे अपिलाचं उत्तर आलं. तेच तीन "नाही", आणि खाली एक नवीन ओळ: "आपण लक्ष वेधल्यामुळे जमिनीची मूळ फाइल सापडली, त्याबद्दल आभार." लष्कराने माझे आभार मानले, मामा! ते पत्र समितीत वाचायचं धाडस झालं नाही.

परवाच्या मंगळवारी मी पार्वतीला घेऊन पलीकडच्या रस्त्याने गेले. बस सोडून बरंच चालावं लागतं. रस्ता खोल खड्ड्यांचा, आणि समोरून एकामागून एक दगड भरलेले डंपर. प्रत्येकाच्या काचेवर "तरे". बंद पडलेल्या खदानीच्या मानाने वर्दळ बरीच होती. वर पोचलो तर करंजमाळ अर्धाच शिल्लक. पाड्याच्या बाजूने दिसतो तो नुसता दर्शनी भाग आहे, मागून खरवडून नेला आहे. खाली सावलीत दोन "जवान" वडापाव खात बसले होते, त्यांचे हिरवे शर्ट झुडपावर वाळत घातलेले. धामणकर नाक्यावर तसले शर्ट ढिगाने मिळतात. इतक्या वेळा तिथून गेले, पण कधी मनात आलं नाही.

इतक्यात लडकू धावत आला. हा भाऊंचा भाचा. आमच्या सभेत खुर्च्या मांडतो, चहा देतो. इथे त्याच्या हातात सुरुंगाआधी वाजवायची शिट्टी होती. मला वाटलं तो घाबरेल. तो तर खूश झाला.

"मॅडम! तुमी कशाला आयल्या इतक्या लांब? बसा, च्या सांगतो."

मी विचारलं, "लडकू, हे काय आहे?"

"आपली खदान," तो म्हणाला. "भाऊ बोलतात मॅडम आपल्याच हायेत, म्हनून त समितीत घेतलं. तुमच्या अर्जाचा लई फायदा झाला. तिकडच्या बाजूला आता कोन फिरकत पन न्हाय."

तो थट्टा करत नव्हता, मामा. मला सगळं आधीपासून ठाऊक आहे, असं त्याने गृहीतच धरलं होतं. सेक्रेटरीला ठाऊक नसेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

पार्वती मागे उभी होती. तिने विचारलं, "आमच्या मानसाच्या पायावर पडला, तो दगड कुनाचा?"

लडकूचा चेहरा पडला. पण सांगितलं त्याने. "आपलाच व्हता, वयनी. त्या दिवशी सुरुंग जास्ती भरला ग्येला. पन दवाखान्याचं सगलं भाऊंनीच भरलं ना?"

तेवढ्यात चहा आला. पार्वतीने कप हातात घेतला, लडकूच्या पायाशी ओतला आणि रिकामा कप त्याच्या हातात परत दिला. मग चालायला लागली. मी मागोमाग.   दामूचा फोटो छापलेली पत्रकं माझ्या पिशवीत होती, ती मी येताना बसच्या खिडकीतून टाकणार होते, पण रस्त्यावर कचरा नको म्हणून घरी आणली.

आता मी काय करू?

माधवी

पुणे
१३ ऑक्टोबर २००७

चि. माधवी,

तुझं पत्र वाचून मी मामीवर ओरडलो. ती बिचारी काही न केलेली. म्हणाली, "लष्कराचा राग माझ्यावर कशाला?" मी म्हटलं, लष्कराचा नव्हे, लष्कराच्या वतीने!

लष्कराच्या नावाने दगड फोडले! सैन्याचे कपडे घालून गुटखा खाल्ला! आणि त्या गुटख्याला मी अतिगुप्त कामगिरी समजलो. हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

मी एक गोष्ट केली आहे. लष्कराच्या जमिनींच्या कार्यालयाला सविस्तर पत्र धाडलं. तुझा अर्ज, त्यांचं उत्तर, तू वर्णन केलेली पाटी, सगळं जोडलं. माझं नाव कुठेही नको असं मी म्हटलं होतं ना? ते रद्द. पूर्ण नाव, हुद्दा आणि पेन्शनचा क्रमांकसुद्धा टाकला आहे.

तू पार्वतीला घेऊन पोलिसांत जा. समितीत खरं सांग. आता विशेषणं वापरलीस तरी चालेल.

श्रीनाथमामा

भिवंडी
२० डिसेंबर २००७

ती. मामा,

तुमच्या सल्ल्याप्रमाणे समितीत खरं सांगितलं. परिणाम असा की मी आता सेक्रेटरी नाही.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चिडले नाहीत, तीच त्यांची हुशारी. म्हणाले, "मॅडम, खदानीवर चाळीस घरांची चूल पेटते. भिवंडीत रोज नवीन गोदाम उबं राहतं, त्याला दगड काय आभाळातनं येनार? मी साधी पाटी लावली असती त कोन थांबलं असतं? मिलट्रीची लावली म्हनून पोरं आत ग्येली न्हाय. किती जीव वाचले त्ये बगा." मग आवाज खाली आणला. "दामूला वाचता येत न्हाय, त्याला मी काय करू?"

आणि मामा, दोन-चार जणांनी माना डोलावल्या! त्यांची मुलं डंपर चालवतात. मग मी ऋतिकाला मुंबईला फोन केला. ती म्हणाली, "ताई, वाईट झालं. पण खदान ही लोकल गोष्ट झाली. माझा विषय लष्करीकरण आहे, फोकस हलतो." लष्कर नाही म्हटल्यावर तिला दामूच्या पायात रस उरला नाही.

पोलीस म्हणाले, ज्याचा पाय गेला त्याने येऊन सांगावं. दामू काही यायला तयार नाही. पार्वतीने त्याला घरी सगळं सांगितलं, तर तिच्याशी बोलणंच बंद केलं त्याने. "भाऊंनी मला वाचवलं" एवढंच घोकतो. मला वाटतं त्याला पाय गेल्याचं दुःख पचलं होतं, हे पचत नाही.

आता तुमचा पराक्रम ऐका. दिवाळी झाली आणि दोन जीप आल्या. खऱ्या. पॉलिश केलेले बूट, कुणाच्या तोंडात काही नाही. एक मेजर, बरोबर मोजणीवाले. सापडलेल्या फाइलीप्रमाणे जमीन लष्कराने कधी परत केलीच नव्हती. आम्ही विचारेपर्यंत ते विसरले होते. खदान त्या दिवशीच बंद झाली, डंपर जप्त. आणि मग सगळ्या डोंगराला तारेचं कुंपण, त्यावर नवी पाटी: "लष्करी हद्द."

सुरुंग थांबले. पण शेळ्याही थांबल्या! आधी निदान चोरून खालच्या उतारावर जाता यायचं. पाड्यातल्या बायका मला म्हणतात, "तुमीच पत्रं धाडून धाडून आनलं त्यांना."  नसलेल्या लष्करावर मोर्चे काढले, आणि आता ते खरंच आलं.

लष्कराच्या जमिनीवर खदान चालवल्याबद्दल भाऊंना अटक झाली, पण ते जामिनावर बाहेर आहेत. परवा त्यांनी खऱ्या लष्कराविरुद्ध मोर्चा जाहीर केला. पत्रकातला मजकूर माझ्याच जुन्या भाषणातला आहे, एक विशेषणही बदललेलं नाही. कुंपणाच्या खांबांना जो दगड लागतो, तो पुरवायचं काम म्हणे त्यांच्या मेहुण्याला मिळालं. ते खरं की खोटं, हे मी शोधायला गेले नाही. माझ्यात आता तेवढी ताकद नाही.

माधवी

पुणे
२ जानेवारी २००८

चि. माधवी,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी अपराध्यासारखा वागलो. मामीने विचारलं तर म्हटलं, मी एक डोंगर चुकून लष्कराला परत केला.

पण ताकद नाही वगैरे लिहू नकोस. लष्कराच्या मोकळ्या जमिनींवरचं गवत कापायला आणि गुरं चारायला आसपासच्या लोकांना परवानगी देण्याची रीत आहे. त्या गवताचे हिशेब माझ्या टेबलावर येत असत, म्हणून ठाऊक. फक्त मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. सराव नसेल तर अडचण नसावी.

दामूला घाई करू नकोस. ज्या माणसाने आपल्याला वाचवलं असं वाटतं, त्याच्यावर रागवायला वेळ लागतो.

श्रीनाथमामा

भिवंडी
३ मार्च २००८

ती. मामा,

काल मोर्चा झाला. मी जाणार नव्हते. पार्वती सकाळी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला स्टेजवर बसवनार हायेत. तुमी चला." म्हणून गेले.

पाड्याच्या खाली, कुंपणासमोरच मांडव घातला होता. तारेच्या आत तो मेजर आणि चार जवान, हात मागे बांधून. बाहेर भाऊ, माइक, आणि मागच्या फलकावर दामूचा मोठा फोटो: "लष्करी अत्याचाराचा बळी". खाली खुर्चीवर खुद्द दामू, कुबड्या मांडीवर. भाऊंनी त्याला नवीन शर्ट दिला होता, त्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.

भाऊ अर्धा तास बोलले. मग दामूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोल दामू. ह्यांनी तुजं काय केलं त्ये ह्यांच्या तोंडावर सांग." आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला.

 मला वाटलं नेहमीप्रमाणे हात जोडेल आणि बसेल. त्याने कुंपणाकडे बघितलं, त्या जवानांच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाला, "ह्ये लोक दिवाळीनंतर आयले."

"हां, मंग?" भाऊ म्हणाले.

"माजा पाय त्याच्या लई आदुगर, शिमग्याला ग्येला." त्याने कुंपणाकडे बोट केलं. "तवा ह्ये नव्हते. तवा तुमी व्हते, भाऊ."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भाऊंनी माइक स्वतःकडे ओढला, म्हणाले, "दामू आज जरा भावूक झालाय—"

"मी भावूक न्हाय," दामू म्हणाला. माइक आता लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "मी लंगडा हाय."

तो कुबड्या घेऊन उठला. पायऱ्या उतरताना लडकू आधार द्यायला पुढे आला, तर त्याच्याकडे न बघता पुढे गेला. पार्वती गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ पोचली. तीन महिने बोलत नव्हते दोघं. ती त्याला म्हणाली, "शर्टाचं लेबल तसंच हाय," आणि मानेमागचा कागद ओढून काढला. एवढंच. मग तिघं तशीच पोलीस चौकीत गेलो. दामूने सगळं सांगितलं, झाडाची गोष्ट खोटी होती हेही. अंगठा उमटवला. हवालदाराने लिहून घेतलं, कारण बाहेर अर्धा मोर्चा आमच्या मागून येऊन उभा होता.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. केस वर्षानुवर्षं चालेल. भाऊंचा वकील मोठा आहे. आज सकाळी ते मला बाजारात भेटले आणि नमस्कार करून म्हणाले, "मॅडम, तुमच्या हाताखाली शिकलेली मानसं तयार झाली." मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

पण मला तुम्हाला परतीचं सांगायचं आहे. चौकीतून निघून आम्ही पाड्याकडे चाललो होतो. उन्हं कलली होती, डोंगराला सगळीकडून तार. मला अगदी शरम वाटत होती. मी पार्वतीला म्हटलं, "माझ्यामुळे डोंगर गेला तुमचा. खोटं लष्कर होतं, त्याच्या जागी मी खरं आणून बसवलं."

ती चालता चालता म्हणाली, "खरी मिलट्री बरी, मॅडम. तिला पत्र धाडलं का ती उत्तर तरी देते."

तेव्हा मामा, गवताचा मसुदा लवकर पाठवा. अर्जदार पार्वती दामू भोईर, राहणार करंजपाडा. या वेळी तुमचा मसुदा मी बदलणार नाही. पार्वतीला मात्र त्यात एक "का" हवा आहे. ती म्हणते, तो काढला तर ती अंगठा देणार नाही.

तुमची,
माधवी